कॉलमांमधली रेघ

कर्जतला एका फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पाच टेबलं, भिंतीवर एक मोठा टीव्ही आणि मॅडमची काचेची खोली. आम्ही वेबसाइट बनवायचो. कळंबकडची रिसॉर्ट, खोपोलीतले दवाखाने, मंगल कार्यालयं, एखादी शाळा, असली कामं. मी तिथे सगळ्यात जुनी होते. आमचं घर कर्जतमध्येच, तीन पिढ्यांपासूनचं. वडील शिक्षक, काका वकील. बाजारात गेले तर चार माणसं ओळख द्यायची. मॅडमही गावातल्याच, माझ्या आईच्या भिशीतल्या. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत. माणसाला कापायचं असलं की त्या आणखी हळू बोलायच्या.

माझ्या तिथल्या पाचव्या वर्षी चौक गावाजवळच्या लोधिवलीहून एक मुलगी कामाला आली. बावीस वर्षांची. तिचे वडील मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते. पनवेलला वेब डिझाइनचा कोर्स करून ती आली होती. पहिल्या दिवशी मॅडमनी तिचं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग परत आडनाव विचारलं. तिने सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "अगं, मी कुठे काय विचारलं?"

संध्याकाळी मी आईला ऑफिसात नवी मुलगी आल्याचं सांगितलं. तिनेही आडनाव विचारलं. मी सांगितलं.  आई माझ्याबरोबर रोज एक जास्तीचा डबा द्यायची, ऑफिसात सगळ्यांनी मिळून खायला. दुसऱ्या दिवसापासून तो बंद झाला. "ज्याचं त्याने आणावं," ती म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

त्या मुलीला काम शिकवायचं माझ्याकडे आलं. ती मला ताई म्हणायची. मी शिकवलंही चांगलं, त्यात खोटं बोलणार नाही. मजकूर दोन-तीन कॉलमांत कसा सोडायचा, मधली फट किती ठेवायची, फटीत उभी रेघ कशी आणायची. रेघेला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. जाडी, प्रकार आणि रंग. मी तिला म्हटलं होतं, "जाडी विसरलीस तरी चालेल, रंग विसरलीस तरी चालेल, काहीतरी रेघ दिसेलच. पण प्रकार विसरलीस, सॉलिड की डॉटेड ते लिहिलं नाहीस, तर रेघ येतच नाही. चूक झाली असंही मशीन सांगत नाही." तिने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच वहीत लिहून घ्यायची.

ऑफिसात ती जपून बोलायची, पण घाईत असली की तिचं बोलणं बदलायचं. फाइल उघडली नाही की "नाय गं उघडत" असं तोंडातून जायचं. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसायचे. एकदा ती पाणी प्यायला गेलेली असताना मी तिची नक्कल केली. "आमी नाय बा तसलं करत." दोघं टेबलावर हात आपटून हसले. मान वळवली तर ती दारात उभी होती, हातात बाटली घेऊन. ती जागेवर जाऊन बसली. मला क्षणभर वाईट वाटलं. मग मीच मनाशी म्हटलं, गंमत करतो आपण सगळ्यांचीच.

वर्षभरात ती माझ्यापुढे गेली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा गावातल्या एका वाचनालयाचं काम आलं. त्यांचं एक जुनं मासिक होतं, ते आता वेबसाइटवर आणायचं होतं. वाचनालयाचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सरच म्हणायचे. त्यांची एकच अट होती. छापील मासिकात तीन कॉलम असायचे आणि कॉलमांच्या मध्ये बारीक रेघ असायची. वेबसाइटवर ती तशीच हवी. "रेघ नसली की म्हातारा माणूस एका कॉलममधून दुसऱ्यात जातो," ते म्हणाले. "मी स्वतः जातो."

मी केलेलं पान त्यांना आवडलं नाही. काळी रेघ, एक पिक्सेल, मला त्यात काही चूक दिसत नव्हती. सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डोळ्यात जातंय काहीतरी." मॅडमनी काम तिच्याकडे दिलं.

तिने वाचनालयातून जुन्या अंकांचे दोन बांधीव खंड आणले आणि पट्टी घेऊन रेघा मोजत बसली. चौथ्या दिवशी तिने सरांना बोलावून स्क्रीनसमोर बसवलं. "सर, आपल्या लिपीत काना असतो," ती म्हणाली. "काळी बारीक रेघ अक्षराच्या जवळ आली की डोळा तिला कानाच समजतो. शब्दाला एक काना जास्त दिसतो. म्हणून खटकतं. ठिपक्यांची रेघ करून बघितली, तर शेजारच्या अक्षरावर अनुस्वार आल्यासारखा वाटतो. म्हणून रेघ अखंडच ठेवली, पण रंग राखेसारखा केला आणि दोन्हीकडची फट वाढवली."

सर बघत राहिले. मग म्हणाले, "कानाच की. मला इतकी वर्षं मराठी शिकवून हे सांगता आलं नसतं." आणि मॅडमकडे वळून, "ही मुलगी कुठून मिळवलीत?"

मी शेजारीच उभी होते. पाच वर्षं मी कॉलमांत रेघा ओढत होते आणि मला काना दिसला नव्हता. सर गेल्यावर मॅडमनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. आता कामं वाढतायत, टीमला एक प्रमुख नेमायचाय, असं त्या म्हणाल्या. "मी तुझंच नाव धरून चालले होते गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पण बघू. वाचनालयाच्या समितीपुढे तिला पान दाखवू दे. मग ठरवू."

समितीची सभा बुधवारी सकाळी अकराला आमच्याच ऑफिसात होती. सव्वानऊला तिचा फोन आला. "ताई, चौकला गाडीच नाय गं. एक एसटी गेली, ती भरून गेली. काल निघताना मी सगळं करून ठेवलंय, फक्त फाइल सर्व्हरवर चढवायची राहिलीय. मला यायला पावणेअकरा होतील. चढवशील का?"

"चढवते," मी म्हटलं. "तू सावकाश ये."

ऑफिसात मी एकटीच होते. मी तिची फाइल उघडली. तिचं काम नेहमीसारखं नीट होतं, प्रत्येक ओळ जागच्या जागी. रेघेची ओळ सापडली. जाडी एक पिक्सेल, मग सॉलिड, मग तो राखाडी रंग. मी 'सॉलिड' हा शब्द निवडला आणि खोडला. इंग्रजीतली पाच अक्षरं. पान परत उघडून बघितलं. तीन कॉलम होते, मधल्या फटी होत्या आणि फटींत काही नव्हतं. मी फाइल चढवली, चहा करून घेतला आणि कप घेऊन खिडकीत उभी राहिले.  मला बरं वाटत होतं.

ती आली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती आणि समितीचे सहाजण बसलेले होते. ती घामाघूम होती. माझ्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या, झालं का म्हणून. मी मान हलवली, झालं.

टीव्हीवर पान उघडलं. सर पुढे वाकले. "रेघ कुठाय?"

ती हसली. "आहे सर. रंग फिका आहे म्हणून लांबून..."

"फिका नाही," मॅडम म्हणाल्या. "नाहीच आहे."

ती जवळ जाऊन बघायला लागली. मग कीबोर्डपाशी आली आणि फाइल उघडली. सगळ्यांसमोर, टीव्हीवर. मी तिच्या मागे चार हातांवर होते. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तिच्याही. पण आपण जे लिहिलंय असं माणसाला पक्कं माहीत असतं, ते त्याला तिथे दिसतं. तिने रंग गडद केला. रेघ आली नाही. जाडी दोन केली. मग पाच. मग दहा.

"अजून जाड कर," मॅडम म्हणाल्या. "खांबच उभा कर."

एकजण हसले. तिने कपाळ पुसलं. "नाय येत," ती पुटपुटली. "का नाय येत..."

समितीतले एक गृहस्थ, गावात त्यांचं मोठं कापडाचं दुकान, सरांना म्हणाले, "सर, तुम्ही कौतुक केलंत तेव्हाच मी म्हणालो होतो. हल्ली सर्टिफिकेट कुणालाही मिळतं. त्यांना तर मिळतंच." हे त्यांनी कुजबुजत म्हटलं नाही.  सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. मॅडमच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं.

त्या वेळी मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, "मॅडम, मी बघू का जरा?"

ती बाजूला झाली. मी ओळीवर बोट ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि म्हटलं, "प्रकार लिहायचा राहिलाय हिचा. हे तर मी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं." मी तो शब्द टाइप केला. आधी दोन जाडजूड पट्टे उमटले, कारण तिने जाडी दहा करून ठेवली होती. "गज लावले की काय," कुणीतरी म्हणालं आणि सगळे मोकळेपणी हसले. मी जाडी परत एक केली, रंग परत राखाडी केला. दोन सुरेख रेघा आल्या. तिच्याच रेघा. सर म्हणाले, "वा." मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. हातात पेनड्राइव्ह होता. "ताई, ही माझी कॉपी हाय," ती म्हणाली. "काल संध्याकाळची. यात सॉलिड हाय."

"मग?"

"मग तू खोडलंस."

मी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ते मला छान जमायचं, आईकडून आलेलं. "वेड लागलंय का तुला? धावपळीत आलीस, चुकीची फाइल ठेवली असशील. होतं असं. मी सांभाळून घेतलं ना सगळ्यांसमोर?"

"सांभाळून घेतलंस," ती म्हणाली. तेवढंच. पेनड्राइव्ह मुठीत धरून ती जागेवर गेली. ती मॅडमकडे जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. म्हणून मीच गेले. त्याच संध्याकाळी काचेच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, "मॅडम, बोलायला नको, पण ती म्हणतेय की मी तिची फाइल बिघडवली. उद्या बाहेर कुठे बोलली तर ऑफिसचं नाव जाईल."

मॅडमनी सकाळी तिला बोलावलं, मलाही बोलावलं. दार उघडं ठेवलं, म्हणजे बाहेरच्या टेबलांना ऐकू जावं. तिने पेनड्राइव्ह पुढे केला. मॅडमनी त्याला हात लावला नाही. "त्यात तू घरी जाऊन काहीही लिहू शकतेस, बाळा," त्या म्हणाल्या. "जिने तुला शिकवलं तिच्यावर आळ घेतलास. तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे नाही. तिची माफी माग."

तिने पेनड्राइव्ह मुठीत मिटला.  घरात तिच्या पगाराची गरज होती, वडिलांचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं होतं. हे तिने मलाच सांगितलं होतं, महिन्याच्या सुरुवातीला, माझ्याशेजारी बसून.

"माफ कर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"ताई म्हण," मॅडम म्हणाल्या.

"माफ कर, ताई."

"जाऊ दे गं," मी म्हटलं. मला ते वाक्य अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं, किती गोड म्हटलं होतं ते.

मी टीमची प्रमुख झाले. तिच्याकडे जुने अंक टाइप करायचं काम दिलं, ते मीच सुचवलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं तिला 'सॉलिड' म्हणायला लागले. सॉलिड, चहा सांगितलास का. सॉलिड, आज गाडी मिळाली का. मी प्रमुख होते, एका शब्दात ते थांबवू शकले असते. मीही हसायचे. पुढे पुढे मीही तेच नाव वापरायला लागले. एकदा नव्या आलेल्या मुलीने मला विचारलं, "हिचं खरं नाव काय?" आणि मला आठवायला वेळ लागला.

सात महिने ती टाइप करत राहिली. चुका नसायच्या. एका शनिवारी तिने माझ्या टेबलावर राजीनाम्याचा कागद ठेवला. मी विचारलं, "पुढे काय?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय?" ताई म्हणणं तिने त्या माफीनंतर सोडलंच होतं. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मी ऐकला. दोघांपैकी एकजण म्हणाला, "चला, सॉलिड वितळला." त्याही वेळी ऑफिस हसलं.

माझं तिथे पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. तीन वर्षांनी मॅडमच्या भाचीने पुण्याहून कोर्स करून आल्यावर माझं टेबल मागितलं. मॅडम मला हळू आवाजात म्हणाल्या, "तू आता घरी बघ गं. आईही थकल्यात." मी हाताखाली शिकवलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी ते माझ्याकडूनच घेतलं होतं.

त्यानंतर वर्षभराने मला कळलं, की ती चौकला मुलींना वेब डिझाइन शिकवते. मोहोपाड्याच्या एका ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी साडेपाचपासून क्लास. मी एके दिवशी रिक्षा करून गेले. का गेले, तर सांगायला. मी खोडलं होतं हे तिला एकदा माझ्या तोंडून ऐकवायचं होतं. मनात असंही होतं, की ती रडेल, मीही रडेन, आणि मग चहा वगैरे होईल.

क्लास एका चाळीतल्या खोलीत होता. आठ-दहा मुली, चार जुने कॉम्प्युटर. ती फळ्यापाशी होती. थोडी जाड झाली होती, चष्मा लागला होता. मला बघून ती थांबली नाही, वाक्य पुरं केलं, मग दाराशी आली.

"मला तुझ्याशी बोलायचंय," मी म्हटलं.

"बोल."

"बाहेर येतेस का?"

"इथंच बोल."

मी आवाज खाली केला. "त्या दिवशी मी खोडलं होतं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "नवीन काय?"

"मला माफ कर."

 तिने दार पूर्ण उघडलं. आतल्या मुली मान वळवून बघायला लागल्या. "त्या दिवशी सहाजण बसलेले," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली तेव्हा सगळं ऑफिस ऐकत होतं. आज ह्या मुली हायत. ये आत. फळ्यापाशी उभी राहा आणि सांग. तू कोण, काय केलंस, का केलंस. मग मी बघते माफीचं."

मी आत बघितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघून हसली, पाहुण्या बाईकडे बघून हसावं तसं. सांगायचं म्हणजे 'का' सांगायला हवं होतं. ही माझ्यापेक्षा हुशार होती म्हणून, आणि हिने हुशार असावं हे मला खपलं नाही म्हणून. हिच्यासारखीच्या पुढे मी हरणं मला मान्य नव्हतं. ते त्या मुलींसमोर सांगायचं, ज्यांच्यातल्या निम्म्या तिच्याच वस्तीतल्या होत्या.

"आज नको," मी म्हटलं. "परत कधीतरी येते."

"नको येऊस," ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्या फेरीवाल्याला सांगावं तसं. तिने दार लोटलं. आतून तिचा आवाज आला, मुलींना कुठलं पान काढायचं ते सांगणारा. एका मुलीने विचारलं, "कोण होत्या, मॅडम?" उत्तर मला ऐकू आलं नाही.

मी चौकच्या नाक्यावर येऊन कर्जतच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. शेजारी एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होती. तिने विचारलं, "कुणाकडं आला होता?" मी म्हटलं, एका मैत्रिणीकडे.

ही गोष्ट मी त्यानंतर कुणालाच सांगितली नव्हती. आज लिहिलीय, तर तिचं नाव घातलेलं नाही, ते तिला विचारल्याशिवाय घालता येणार नाही म्हणून. माझंही घातलेलं नाही. त्याचं कारण मात्र तिच्याशी संबंधित नाही. गावात आमचं घर आहे, आई अजून भिशीला जाते, आणि फळ्यापाशी उभं राहायची माझी आजही तयारी नाही.